'शून्य अपघात' म्हणणाऱ्या रिपोर्टवर जुनी गाडी घ्यावी का?

नौपाडाकर (शनिवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. आयुष्यात पहिल्यांदा चारचाकी घेतोय, तीही जुनी, त्यामुळे आधी इथे विचारतो आणि मग शिव्या खातो.

घोडबंदर रोडला एका डीलरकडे गाडी बघितलीय. २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-०४ (ठाणे पासिंग), राखाडी, पहिला मालक, मीटरला ४६ हजार. पाच लाख चाळीस सांगतोय. सोबत बारा पानी हिस्टरी रिपोर्ट दिला, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, आमच्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टपेक्षा देखणा. अपघात शून्य, पूर नाही, कर्ज नाही, चलान नाही, चोरीची नाही, सगळीकडे हिरव्या टिका. मी म्हटलं डीलरचा रिपोर्ट डीलरच्याच बाजूने बोलणार, म्हणून घरी येऊन स्वतःचे पैसे भरून दुसऱ्या ॲपवरून काढला. तोही सेम टू सेम.

गोंधळ असा की वागळे इस्टेटला माझ्या स्कूटरचा मेकॅनिक आहे, अठरा वर्षांची ओळख, त्याला दाखवायला नेला तर त्याने हात पुसले पण कागद काही हातात घेतला नाही. म्हणाला "साहेब हे राहू द्या, गाडी आणा." उलट साडू म्हणतो सगळं सरकारी डेटाबेसवरून येतं, त्यात खोटं कोण लिहिणार. बायको साडूच्या पार्टीत आहे. सोमवारी दहा हजार टोकन द्यायचंय.

तर प्रश्न असा की हा रिपोर्ट बनतो कशातून? आणि "अपघात शून्य" म्हणजे अपघात झालाच नाही असं धरायचं का?

कोलशेतचा_कावळा (शनिवार, रात्री ९:५८)

साडूच्या सल्ल्याने आजवर घेतलेल्या वस्तूंची यादी टाका, मग ठरवू. हलके घ्या.

मेकॅनिकला मात्र आपला दंडवत.

पामबीच_पलीकडे (शनिवार, रात्री १०:२०)

साडूंचं अर्धं बरोबर आहे. सरकारी डेटाबेस म्हणजे वाहन पोर्टल. नोंदणी कधीची, कितवा मालक, इंधन कुठलं, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, आरसी (नोंदणीपत्र) ब्लॅकलिस्ट आहे का, हे सगळं तिथे आहे आणि यातलं बरंचसं एमपरिवाहन ॲपवर फुकटात दिसतं. चलानं राज्याच्या ई-चलान साइटवर नंबर टाकून दिसतात. म्हणजे तुमच्या बारा पानांतली पाच-सहा पानं तुम्ही लोकलमध्ये उभ्या उभ्या काढू शकला असता.

पण ज्यासाठी तुम्ही पैसे मोजलेत तो अपघाताचा रकाना तिकडे नाहीच. आरटीओला कोण कळवतं की काल माझी गाडी ठोकली? मग जिथे रकानाच नाही तिथे शून्य आलं कुठून? "आम्हाला काही सापडलं नाही" याचं त्यांनी "शून्य" करून टाकलंय, बाकी काही नाही. पोलिसांचा अपघातांचा वेगळा डेटाबेस आहे, आयराड म्हणायचे, आता ई-डार, पण त्यात पोलिसांपर्यंत गेलेलाच अपघात असणार. माजिवड्याच्या पुलावर मागून ठोकली, दोघं पाच मिनिटं भांडले आणि तीन हजारात मिटवलं, हे कुठल्या सर्व्हरवर जाणार?

सर्व्हिस हिस्टरीचं पण तेच. अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलेली असेल तरच नोंद, आणि तीही प्रत्येक कंपनीची बाहेर मिळेलच असं नाही. वॉरंटी संपली की आपल्याकडे निम्मी जनता ओळखीच्या गॅरेजला जाते.

थोडक्यात कागदाच्या भानगडींना रिपोर्ट चांगला. पत्र्याच्या भानगडींना नाही.

वर्तकनगर_एक्सप्रेस (शनिवार, रात्री १०:२४)

कागद आणि पत्रा +१. वाचतोय.

सेकंडहँड_शेठ (शनिवार, रात्री ११:०५)

मी स्वतः डीलर आहे, नवी मुंबईत, कुठे ते सांगत नाही नाहीतर उद्या दुकानासमोर मोर्चा येईल. रिपोर्टला एवढं पण उडवू नका. मी गाडी विकत घेतो तेव्हा पहिलं काम रिपोर्टच. गेल्या वर्षी तीन माणसं कर्ज दडवून गाडी विकायला आली होती, एकाने तर "बँक एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) घरी आहे, उद्या आणतो" म्हणून पैसे मागितले. रिपोर्ट नसता तर मी बुडलो असतो. नॅशनल क्राइम रेकॉर्ड ब्युरोच्या साइटवर चोरीच्या गाडीची नोंद तपासता येते ती पण बघतो.

आणि एक कडू गोष्ट बोलू का. गिऱ्हाइकाला खरं सांगितलं की पुढचा बंपर आणि एक फेंडर बदललाय, तर तो चाळीस हजार पाडून मागतो नाहीतर सरळ पळून जातो. शेजारचा "एकदम अनटच" म्हणतो, त्याची गाडी संध्याकाळपर्यंत जाते. मग आम्ही काय करायचं? हिरव्या टिका तुम्हालाच पाहिजेत, म्हणून त्या छापल्या जातात.

कोलशेतचा_कावळा (शनिवार, रात्री ११:१२)

शेठ, बोललात खरं. पण त्या शेजाऱ्याचा पत्ता द्या, टाळायला बरा पडेल.

सर्व्हेअर_निवृत्त (रविवार, सकाळी ७:१५)

बावीस वर्षं मोटार विम्याचे सर्व्हे केले, ठाणे ते खोपोली पट्ट्यात. दोन गोष्टी सांगतो, लांबण लागेल.

पहिली टोटल लॉसची. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही, टोटल लॉस धरते. लोकांना वाटतं टोटल लॉस म्हणजे गाडीचा चेंदामेंदा. तसं नाही. जुन्या गाडीची आयडीव्ही उतरलेली असते. समजा तीन लाख आयडीव्ही आहे आणि कंपनीच्या वर्कशॉपने नवीन पार्ट लावून दोन लाख चाळीसचं एस्टिमेट काढलं, झाली टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो. घेणारा भंगार बाजारातून दरवाजे आणि बॉनेट आणतो, कुर्ल्याला नाहीतर अजून कुठे, लाखभरात गाडी उभी करतो, रंग मारतो, आणि तीच गाडी त्याच नंबरवर परत रस्त्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं म्हणजे नोंदणी रद्द होते. पण "कायमची निकामी" कुठे झाली, लिलावात घेणारा तर म्हणतो मी दुरुस्त करणार. त्यामुळे आरसी चालूच. रिपोर्टला बिचाऱ्याला आरसी चालू दिसते, तो हिरवी टिक मारतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे सांगाडा फक्त कागदांसाठी घ्यायचा आणि त्याचा चॅसी नंबर त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर चढवायचा. तिथे तर रिपोर्ट शंभर टक्के बरोबर असतो, फक्त तो दुसऱ्याच गाडीचा असतो. म्हणून चॅसी नंबर स्वतः वाकून बघा, पत्र्यावर कोरलेला. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची, आजूबाजूला घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण नको. मारुतीचा एमए३ ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएल, टाटाचा एमएटी. आरसीवरच्याशी जुळवा.

दुसरी गोष्ट नो क्लेम बोनस. क्लेमची माहिती विमा कंपनीकडे असते, ती तुम्हाला कोणी देणार नाही. पण ती पॉलिसीच्या कागदावर उलट्या बाजूने दिसते. एक वर्ष क्लेम नाही तर हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि ५०. सात वर्षांची एकहाती गाडी खरंच अनटच असेल तर ५० पाहिजे. तुमच्या गाडीवर किती आहे बघा आणि इथे लिहा.

कागदी_वाघ (रविवार, सकाळी ८:४०)

काका माहिती सुरेख, पण एक दुरुस्ती. एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माणूस जुनी गाडी विकून तिचा ५० टक्के नवीन गाडीवर आणू शकतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस बुडतो, म्हणजे नुसत्या आळसाने पण शून्य होऊ शकतं. आणि हल्ली एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन मिळतं, क्लेम घेतला तरी बोनस शाबूत. त्यामुळे ५० आहे म्हणजे स्वच्छ आणि २० आहे म्हणजे ठोकलेली असं सरळ गणित नाही.

सर्व्हेअर_निवृत्त (रविवार, सकाळी ९:०२)

मान्य. सरळ गणित नाही. पण २० दिसलं की "का?" एवढं विचारायचा हक्क मिळतो, आणि विकणाऱ्याचं तोंड बघायला मिळतं. निम्मे सर्व्हे मी तोंडं बघूनच केलेत.

ऐरोलीची_अनघा (रविवार, सकाळी १०:३०)

"पूर नाही" या टिकेवर मला बोलायचंय.

माझं माहेर चिपळूण. २२ जुलै २०२१ ला बाबांची गाडी अंगणात उभी होती, पाणी छपरावरून गेलं. गाडी जुनी झाली म्हणून बाबांनी नुसता थर्ड पार्टी विमा ठेवला होता, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येतच नाही. म्हणजे क्लेम नाही, सर्व्हे नाही, काहीच नाही. गावातल्या सगळ्यांच्याच गाड्या गेल्या होत्या, गॅरेजवाले स्वतः चिखल काढत होते. पंधरा दिवसांनी एक एजंट आला, रोख सत्तर हजार दिले, बाबांनी डोळे मिटून दिली. त्यांच्या डोक्यात तेव्हा घरातला गाळ होता, गाडी नव्हती.

दिवाळीनंतर माझ्या मावसभावाला तीच गाडी पनवेलच्या एका जाहिरातीत दिसली. नंबर तोच, मागच्या काचेवर आमच्या ग्रामदेवतेच्या स्टिकरचा डाग पण तसाच. खाली लिहिलं होतं "नॉन फ्लडेड, रिपोर्ट उपलब्ध". किंमत अडीच लाख. आणि गंमत म्हणजे रिपोर्ट खोटा नसणारच, पाणी त्या अंगणात आलं हे आम्ही आणि वाशिष्ठी नदी सोडून कोणाला माहीत?

मी तेव्हापासून कुठलीही गाडी बघायला गेले की पहिलं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढते. वरचा भाग सगळे धुतात, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर कोणी धूत नाही. तिथे चिखलाची रेघ असते. मग डिकीतली स्टेपनी उचलायची, सीटच्या खालच्या रुळांवर गंज बघायचा. काचा बंद करून एसी पाच मिनिटं लावायचा, कुबट वास आला की नमस्कार करून निघायचं. अत्तराचा फवारा आला तर अजून लवकर निघायचं.

तलावपाळी_आजोबा (रविवार, सकाळी ११:१०)

अनघाताई, वासावरून आठवलं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्यानंतर वर्षभर असल्या गाड्या बाजारात होत्या. तेव्हा ॲप नाही, रिपोर्ट नाही. आम्ही नाकाने वास घेत फिरायचो, अक्षरशः. माझ्या एका मित्राने स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, गाडी चांगली चालायची पण डिसेंबरात वायपर आपोआप सुरू व्हायचे आणि हॉर्न दाबला की डिकीचा दिवा लागायचा.

वर्तकनगर_एक्सप्रेस (रविवार, सकाळी ११:१४)

आजोबा, ते हल्लीच्या महागड्या गाड्यांत फीचर म्हणून देतात.

वाशी_सेक्टर१७ (रविवार, सकाळी ११:३०)

अवांतर: एमएच-०४ घेऊच नका. वंदना डेपोपाशी दर जुलैत आंघोळ झालेली असते.

कोलशेतचा_कावळा (रविवार, सकाळी ११:३३)

आणि तुमची नवी मुंबईची एमएच-४३ पामबीच रोडला रात्री दोन वाजता शर्यतीत धावलेली असते. त्यापेक्षा आमची आंघोळ बरी, निदान स्वच्छ तरी.

वाशी_सेक्टर१७ (रविवार, सकाळी ११:३५)

वंदनाच्या पाण्याला स्वच्छ म्हणणारा पहिला माणूस.

गोठिवलीचा_पाटील (रविवार, दुपारी १२:१०)

तुमी शेरातली मानसा कागुद बगतंव, आमी गारी बगतो. माझा बापूस बैल घेताना पयले दात बगाचा, मंग चालवून बगाचा, मंग किमतीचा बोलाचा. बैलाचा रिपोरट कोनी मांगला नाय कवा.

पामबीच_पलीकडे (रविवार, दुपारी १२:१५)

पाटील, बैलाचे दात पण कानस मारून नीट करायचे म्हणे व्यापारी.

गोठिवलीचा_पाटील (रविवार, दुपारी १२:१८)

म्हनून तर बापूस बगाचा, आमाला नाय धारायचा :)

जर्सीतला_ठाणेकर (रविवार, दुपारी १:०५)

इथे रात्र आहे पण धागा बघून झोप उडाली. आमच्याकडे अमेरिकेत हे रिपोर्टचं प्रकरण फार जुनं, कारफॅक्स १९८४ ला मिसुरीत सुरू झाली. इथला डेटा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच "सॅल्व्हेज" असा शिक्का बसतो, विमा कंपन्यांना आणि भंगारवाल्यांना राष्ट्रीय डेटाबेसला कळवावं लागतं.

तरी काय होतं बघा. शिक्क्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, म्हणून लोक गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोंदवून शिक्का धुऊन काढतात, त्याला इथे टायटल वॉशिंगच म्हणतात. २०१२ ला सँडी वादळ आलं, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गाड्याच्या गाड्या खाऱ्या पाण्यात गेल्या, त्यानंतर आम्हाला सगळे सांगायचे की रिपोर्ट स्वच्छ असला तरी कार्पेट उचलून बघ.

माझा स्वतःचा अनुभव तर फारच साधा. माझ्या बायकोने आमची गाडी मेलबॉक्सवर घातली, डावी बाजू पूर्ण. विम्याचा हप्ता वाढेल म्हणून मी ओळखीच्या बॉडीशॉपला रोख पैसे देऊन केली. तीन वर्षांनी विकली तेव्हा रिपोर्टमध्ये "नो ॲक्सिडेंट". मी खोटं बोललो नाही, घेणाऱ्याने विचारल्यावर सांगितलं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, रिपोर्टकडे बघत होता. म्हणाला "पण इथे तर काही नाही."

कोलशेतचा_कावळा (रविवार, दुपारी १:०९)

म्हणजे तिकडेही साडू आहेत.

नौपाडाकर (रविवार, रात्री ९:२०)

मंडळी साष्टांग. आज मेकॅनिकला घेऊन गेलो (मामलेदारची मिसळ लाच म्हणून दिली, त्याला ती तिखट लागली नाही, मला दोन ताक लागली). डीलरचा चेहरा मेकॅनिकला बघूनच उतरला. एवढ्यावरच परत यायला हवं होतं, पण जे दिसलं ते सांगतो.

मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही आधी. तो काचांच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचत गाडीभोवती फिरला. प्रत्येक काचेवर बनवल्याचं साल असतं हे मला आज कळलं. समोरची, मागची आणि उजव्या बाजूच्या सगळ्या १८ च्या. डावीकडच्या दोन्ही दारांच्या २१. मी म्हटलं काच फुटली असेल चोरीबिरीत, डीलर पण लगेच तेच म्हणाला. मेकॅनिक म्हणाला "चोर दोन दारांच्या दोन काचा कशाला फोडेल?" आणि डावीकडचा पुढचा सीटबेल्ट खाली ओढून लेबल दाखवलं, त्यावरही २०२१. बाकीचे बेल्ट २०१८चे.

मग पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाचं रबर ओढलं. उजवीकडे पत्र्यावर मशीनने मारलेले गोल टाके एकसारखे, डावीकडे टाके नाहीतच, नुसतं हाताने लिंपलेलं सीलंट. त्याच्या ओळखीच्या पेंटरकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं होतं. उजवं दार १२० मायक्रॉन, डावं ६०० च्या वर. म्हणाला कंपनीचा रंग शंभर ते दीडशे, वरचं सगळं पुट्टी.

एनसीबी चालू पॉलिसीवर ५० टक्के!! वाघसाहेब, तुमचं ॲड-ऑन बाजूलाच छापलेलं होतं.

टोकन दिलेलं नाही. साडू म्हणतो "एवढं काय, काचा तर नवीन मिळतायत."

सर्व्हेअर_निवृत्त (रविवार, रात्री ९:४५)

डावीकडून जोरात धडक. खांब कापून लावलेला आहे. पुढच्या वेळी त्याच बाजूने कोणी ठोकली तर तो खांब किती धरेल याची मी हमी देणार नाही. सोडा ती गाडी, किंमत उतरवून पण नको. आणि सीटबेल्ट बदललेला दिसला म्हणजे एअरबॅगचं पण बघायला हवं होतं, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर बल्ब काढलाय.

सेकंडहँड_शेठ (रविवार, रात्री १०:००)

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, खांब कापलेली गाडी मी पण घेत नाही. बंपर-फेंडर वेगळं, हे वेगळं. डीलरला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

नौपाडाकर (सोमवार, दुपारी २:३०)

आता दुसरी गोष्ट. बायकोच्या ऑफिसातल्या एकीचे सासरे खारघरला राहतात, त्यांना गाडी विकायचीय. तेच मॉडेल, २०१७, एमएच-४६ (पनवेल पासिंग), ५१ हजार किमी, पाच लाख दहा. मी शहाणपणा करून आधी रिपोर्ट काढला तर तो पहिल्यापेक्षा भयानक. बँकेचा बोजा दाखवतोय, दोन चलानं बाकी, २०२० नंतर सर्व्हिसची एकही नोंद नाही. लाल टिका. बघायला जावं का?

वाशी_सेक्टर१७ (सोमवार, दुपारी २:४१)

बोजा असेल तर लांबूनच राम राम.

कागदी_वाघ (सोमवार, दुपारी ३:०५)

असहमत. बोजा दिसणं आणि कर्ज बाकी असणं यात फरक आहे. लोक हप्ते फेडतात, बँक एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) देते, ते फाइलला लावून ठेवतात आणि आरटीओत बोजा उतरवायचा राहूनच जातो. त्यांना फाइल मागा. गाडी घेताना मात्र बोजा आधी उतरवून घ्या, मग मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सह्या, मग पैसे. "नंतर करू" हा शब्द ऐकू नका.

ऐरोलीची_अनघा (सोमवार, दुपारी ३:२०)

जा की बघायला. सीटबेल्ट ओढायचा विसरू नका.

नौपाडाकर (बुधवार, रात्री १०:१५)

जाऊन आलो. काका निवृत्त बँकवाले निघाले, म्हणजे बाकी काही विचारायलाच नको. टेबलावर एक जाड बॉक्स फाइल ठेवली आणि चहा येईपर्यंत बोलले नाहीत. २०२० पासूनची सगळी बिलं, कामोठ्याच्या एका छोट्या गॅरेजची, हाताने लिहिलेली, प्रत्येकावर किलोमीटर. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, एकदा क्लच. टायर बदलल्याचं बिल, आणि टायरवरचा आठवडा-सालाचा चार आकडी शिक्का मेकॅनिकने बिलाशी जुळवला, जुळला. पुढचा बंपर २०१९ ला बदललाय, त्याचं पण बिल आणि फोटो! काकांनी विचारायच्या आधी सांगितलं की सोसायटीच्या गेटला त्यांनीच घातली. कर्ज २०२२ ला संपलं, एनओसी फाइलमध्ये पडून, शिळी झालीय, आता बँकेतून नवीन काढतायत. चलानं दोन्ही पामबीचची. काका म्हणाले "ती चिरंजीवांची" आणि आतल्या खोलीकडे बघितलं.

काचा सगळ्या १७ च्या. रंग सगळीकडे सारखा, बंपर सोडून. सीटबेल्ट कोरडे, अनघाताई.

वाईट एवढंच की काका एक रुपया सोडत नाहीत. मी म्हटलं बंपर बदललाय, जरा बघा ना. म्हणाले "म्हणूनच पाच दहा. नाहीतर पाच वीस सांगितले असते."

सेकंडहँड_शेठ (बुधवार, रात्री १०:२२)

काकांना विचारा माझ्याकडे काम करतील का.

सर्व्हेअर_निवृत्त (बुधवार, रात्री १०:४०)

घ्या. आणि ताबा मिळाल्यावर विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज टाका, काकांचा बोनस काकांकडे राहील, तुमचा शून्यापासून. त्या फाइलची झेरॉक्स नाही, फाइलच मागून घ्या.

काकांना पण सांगा, आरटीओत नाव बदललेलं स्वतः बघेपर्यंत स्वस्थ बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलंय, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. विकली म्हणून सुटका नाही.

नौपाडाकर (बुधवार, रात्री १०:४८)

काकांनी मलाच हे ऐकवलं, वर कलमासकट. बोजा उतरल्याचं आरसीवर दिसलं की पैसे. मेकॅनिक म्हणाला इंजिन माउंटिंग एक जातंय, बाराशे-पंधराशे लागतील, तेवढं मी करून घेतो.

वर्तकनगर_एक्सप्रेस (गुरुवार, सकाळी ९:१०)

अभिनंदन! पेढे कुठे? आणि त्या घोडबंदरच्या गाडीचं काय झालं?

नौपाडाकर (गुरुवार, सकाळी ९:३५)

आत्ताच बघितलं, जाहिरात अजून आहे. "शून्य अपघात, रिपोर्टसहित" तसंच लिहिलेलं. वीस हजारांनी उतरवलीय.

कळवा_कारशेड (गुरुवार, सकाळी ९:५२)

इतके दिवस नुसता वाचत होतो. राखाडी म्हणालात ना? एमएच-०४, ४६ हजार, पाच वीस? माझा मेहुणा कालपासून मला एका गाडीचे फोटो पाठवतोय, आत्ता टोकन द्यायला निघालाय. फोन उचलत नाहीये.

कोलशेतचा_कावळा (गुरुवार, सकाळी ९:५३)

मी मानपाड्यातच आहे. मेहुण्याच्या शर्टाचा रंग सांगा, निघतो.